वारसा, स्मृती आणि कालनिश्चिती : झाशी परिसरातील मराठी घर व जुने शिवणयंत्र

झाशी शहराच्या दक्षिणेस, बबीना-ललितपूरच्या वाटेवर असलेले बिजौली आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखले जाते. या परिसराचा मराठी भाषेशी असलेला संबंध मात्र कारखान्यांहून पुष्कळ जुना आहे. १७४२ मध्ये नारो शंकर यांच्याकडे झाशीचा कारभार आला. पुढे नेवाळकर घराण्याच्या काळात कारकून, भिक्षुक, शिलेदार आणि व्यापारी अशी अनेक मराठी कुटुंबे येथे स्थिरावली. गंगाधररावांच्या मृत्यूनंतर १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले आणि एप्रिल १८५८ मध्ये शहर इंग्रजी फौजेच्या हाती पडले. त्यानंतर झालेल्या वाताहतीमुळे येथील मराठी माणसाच्या स्मृतीला एक ठळक केंद्र मिळाले. घरातील तांब्याचे भांडे असो, देव्हारा असो वा जीर्ण शालू असो, त्याचा काळ सांगताना 'राणीच्या वेळचे' हा शब्दप्रयोग सहज ओठांवर येतो. वारशाने आलेले जुने शिवणयंत्रही याच केंद्राकडे ओढले जाण्याचा संभव असतो. असे यंत्र ओळखावे कसे, त्याचा काळ ठरवावा कसा आणि त्या कालनिश्चितीने घराच्या इतिहासात कोणता फरक पडतो, या तीन प्रश्नांचा विचार येथे केला आहे.

स्मृतीची ही ओढ घडविण्यात साहित्याचा वाटा मोठा आहे. दत्तात्रय बळवंत पारसनीस यांचे राणीचे मराठी चरित्र १८९४ मध्ये प्रसिद्ध झाले. झाशीच्या वेढ्याचे साक्षीदार असलेल्या विष्णुभट गोडसे यांचा 'माझा प्रवास' १९०७ मध्ये चिंतामण विनायक वैद्य यांनी प्रकाशित केला. वृंदावनलाल वर्मा यांची हिंदी कादंबरी १९४६ ची, तर महाश्वेता देवी यांचा बंगाली ग्रंथ १९५६ चा. वर्मा आणि महाश्वेता देवी या दोघांनीही लोकमुखातील आठवणींचा आधार घेतला. म्हणजे मौखिक स्मृती ग्रंथात गेली आणि ग्रंथातून ती पुन्हा घराघरांत परतली. अशा देवघेवीत घरगुती वस्तूचा काळ मागे सरकणे अस्वाभाविक नाही.

शिवणयंत्राच्या बाबतीत मात्र ही समजूत कालक्रमाच्या कसोटीस उतरत नाही. एलियस हाऊ यांना अमेरिकेत १८४६ मध्ये पेटंट मिळाले, आयझॅक सिंगर यांना १८५१ मध्ये. जून १८५८ मध्ये राणीला वीरमरण आले, तेव्हा सिंगर कंपनीचे वार्षिक उत्पादन अवघ्या काही हजारांच्या घरात होते. स्कॉटलंडमधील क्लाइडबँक येथील किलबोवी कारखाना १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला. झाशीला लोहमार्ग आला तो १८८० च्या दशकाच्या अखेरीस, इंडियन मिडलंड रेल्वेमुळे. त्यामुळे 'किलबोवी' असे अभिप्रेत असलेले 'के' हे अक्षर नमुन्याच्या क्रमांकापुढे असेल, तर ते यंत्र १८८५ पूर्वीचे असणे अशक्यच ठरते.

कालनिश्चितीचे पहिले साधन म्हणजे यंत्राचा अनुक्रमांक. सिंगरच्या यंत्रावर तो बहुधा खांबाच्या पायथ्याशी, बैठकीच्या उजव्या भागावर ठोकलेला आढळतो. साधारणपणे १९०० पूर्वीच्या क्रमांकांत केवळ अंक असतात. त्यानंतर अंकांच्या आधी अक्षर येते आणि त्या अक्षरावरून कारखाना कळतो. 'सी' हे अक्षर जर्मनीतील विटेनबर्गेचे, 'टी' रशियातील पोडोल्स्कचे. 'एफ' आणि 'वाय' ही क्लाइडबँकची. यांपैकी 'एफ' साधारणतः १९१० च्या दशकातील, तर 'वाय' १९२० च्या दशकातील आणि १९३० च्या पूर्वार्धातील आहे. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून 'ई' ने आरंभ होणारी अक्षरांची जोडी दिसू लागते. येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. कंपनीच्या नोंदवह्यांतील तारीख ही क्रमांकांचा गट कारखान्याला नेमून दिल्याची तारीख असते. त्या गटातील शेवटचे यंत्र तयार होऊन, जहाजाने मुंबईस उतरून, रेल्वेने उत्तरेकडे जाऊन विकले जाईपर्यंत मध्ये बराच काळ लोटलेला असू शकतो.

दुसरे साधन म्हणजे यंत्रावरील मजकूर. जुन्या सिंगर यंत्रांच्या सरकत्या धातुपट्टीवर पेटंटांच्या तारखा कोरलेल्या असतात आणि त्यांपैकी एखादी तारीखच यंत्राचे जन्मवर्ष मानली जाते. वस्तुतः ती केवळ पूर्वमर्यादा होय : यंत्र त्या तारखेच्या आधीचे नाही, एवढेच ती सांगते. मँचेस्टरजवळील गाइड ब्रिज येथील जोन्स कंपनीच्या यंत्रांवरील राजाश्रयाचा उल्लेख याहून बोलका आहे. काहींवर अलेक्झांड्रा यांचा निर्देश वेल्सच्या राजकन्या असा येतो, काहींवर राणी असा. जानेवारी १९०१ मध्ये त्या राणी झाल्या. म्हणून दुसऱ्या प्रकारचा मजकूर असलेले यंत्र त्यानंतरचेच असले पाहिजे. एका पदवीवरून पोथीचा काळ ठरवणाऱ्या अभ्यासकाला ही पद्धत अपरिचित वाटू नये.

तिसरे साधन रचनेचे. आडवा धावणारा होडीच्या आकाराचा धोटा असलेला सिंगरचा 'न्यू फॅमिली' हा नमुना १८६५ मधला. लांबट बॉबीन असलेला, झुलत्या धोट्याचा नमुना त्यानंतरचा. गोल बॉबीन आडवी बसणारा ६६ क्रमांकाचा नमुना विसाव्या शतकाच्या आरंभीचा. परंतु जुना नमुना नवा निघाल्यावर लगेच बंद होत नसे, त्यामुळे रचनेवरून मिळतो तो क्रम; वर्ष मिळत नाही. शिवाय वापरातले यंत्र मूळ स्वरूपात राहत नाही. धोटा बदलला जातो, हाताचा दांडा काढून पायाचा सांगाडा जोडला जातो, कुजलेल्या लाकडी बैठकीच्या जागी गावच्या सुताराने केलेली नवी बैठक येते. म्हणून लाकडाचे वय हे यंत्राचे वय मानता येत नाही. देशी उत्पादनाचाही विचार करावा लागतो. कलकत्त्याच्या जय इंजिनिअरिंग वर्क्सचे 'उषा' यंत्र १९३० च्या दशकातले, आणि स्वातंत्र्योत्तर काळात लुधियाना हे शिवणयंत्रांचे मोठे केंद्र झाले. तेथील काळ्या रंगाची, सोनेरी वेलबुट्टीची यंत्रे सिंगरच्या १५ क्रमांकाच्या नमुन्याशी इतकी मिळतीजुळती असतात की, केवळ रूपावरून निर्णय करणारा पन्नास वर्षांनी चुकू शकतो.

या सर्व पुराव्यांचा एकत्र विचार केला म्हणजे असे दिसते की, अशा यंत्राला एकच तारीख नसते. नमुना कल्पिला गेला तो काळ, क्रमांक पडला तो काळ, ते घरात आले तो काळ आणि ज्या काळाशी स्मृतीने ते जोडले तो काळ, हे चारही वेगळे असतात. 'माझा प्रवास' या ग्रंथाची स्थिती याहून निराळी नाही. त्यातील प्रसंग १८५७ नंतरच्या काही वर्षांतले, लेखन १८८३ चे, प्रकाशन १९०७ चे. वैद्यांनी त्यात फेरफार केले होते. मूळ हस्तलिखितावर आधारलेली दत्तो वामन पोतदार यांची आवृत्ती १९६६ मध्ये निघाली. १९०७ चा पाठ बदललेला आहे म्हणून तो कोणी टाकून देत नाही. तो कोणत्या काळाचा पुरावा आहे, एवढेच ठरवले जाते. सुताराने नव्याने केलेली बैठकही याच न्यायाने पुरावा ठरते. मात्र तो यंत्राच्या निर्मितीचा पुरावा नसून त्याच्या वापराचा आणि डागडुजीचा आहे.

यंत्राभोवती कथा गुंफण्याची प्रवृत्ती केवळ झाशीपुरती नाही. यंत्रसंस्कृतीचे कठोर टीकाकार असलेल्या महात्मा गांधींनी १९२४ मध्ये सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले. पत्नीचे शिवणकामाचे कष्ट पाहून प्रेमापोटी सिंगर यांनी हा शोध लावला, अशी त्यांची समजूत होती. इतिहास सांगतो ते असे की, १८५० मध्ये बोस्टनमधील एका कारखान्यात दुसऱ्याच बनावटीचे यंत्र दुरुस्त करण्याच्या निमित्ताने सिंगर या व्यवसायात आले आणि त्यांचा हेतू उघडच धनप्राप्तीचा होता. गांधींच्या कथेने मात्र एक सत्य अचूक पकडले होते : या यंत्राचा प्रश्न हा मुळात स्त्रीच्या श्रमाचा प्रश्न आहे.

कालनिश्चितीचे खरे महत्त्व येथेच आहे. सनदा, वतने, पेन्शनचे कागद आणि नोकरीच्या नोंदी यांतून घराण्याचा जो इतिहास उभा राहतो, तो मुख्यतः पुरुषांचा असतो. संस्थान गेल्यावर आणि रेल्वे आल्यावर बदललेल्या झाशीत घर चालवताना घरच्या स्त्रीने काय केले, याचा लेखी पुरावा क्वचितच मिळतो. सिंगर कंपनीने हप्त्याने विक्रीची पद्धत १८५६ मध्येच सुरू केली होती. एकरकमी पैसे भरणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या घरांत यंत्र पोचण्याची वाट त्यामुळे खुली झाली. १९०९ मध्ये स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनसारख्या संस्थेत शिवणकामाकडे स्त्रीच्या स्वावलंबनाचे साधन म्हणून पाहिले गेले. यंत्रावरील क्रमांक 'वाय' अक्षराचा निघाला, तर ते १९२० नंतरचे ठरते. आणि मग प्रश्न उभा राहतो की, त्या वर्षांत या घरात शिवत कोण होते? कोणासाठी? मोबदला घेऊन की घरापुरते?

'राणीच्या वेळचे' हे उत्तर या प्रश्नांना वाव देत नाही. यंत्राला प्रतिष्ठा देताना ते यंत्र चालवणाऱ्या आजीला किंवा पणजीला नकळत पुसून टाकते. अनुक्रमांकाच्या आधारे काळ साठ-सत्तर वर्षे अलीकडे आणला, तर वारशाचे मोल घटेल अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. उलट, ज्या स्त्रीच्या हातांनी हाताचा दांडा गुळगुळीत झाला तिच्याकडे ती वस्तू परत जाते. राणीची स्मृती सुरक्षित ठेवण्यास तीन भाषांतील साहित्य समर्थ आहे. त्या स्त्रीच्या बाजूने बोलणारा पुरावा मात्र पुष्कळदा लोखंडावर ठोकलेल्या त्या क्रमांकाएवढाच असतो. म्हणून तो अक्षरासह नीट वाचणे, त्याच्या मर्यादा ओळखणे आणि घरातील मौखिक परंपरेशी तो ताडून पाहणे, हे झाशी परिसरातील मराठी समाजाच्या इतिहासलेखनातील एक आवश्यक कार्य ठरते.