५ जुलै १९८४ : मॅराडोना नापोलीत

नापोली क्लबने बार्सिलोनाहून विक्रमी रकमेला विकत घेतलेला २३ वर्षांचा अर्जेंटिनी फुटबॉलपटू दिएगो मॅराडोना आजच्या दिवशी नेपल्सच्या सान पावलो स्टेडियममध्ये प्रेक्षकांसमोर आला. सामना नव्हताच. तरीही त्याला नुसते पाहण्यासाठी सत्तर हजारांहून अधिक लोक तिकीट काढून आले होते. गळ्यात मफलर घालून तो पायऱ्या चढून वर आला, त्याने इटालियनमध्ये गर्दीला अभिवादन केले, चेंडू काही वेळ पायावर खेळवला आणि उंच टोलवला.

आदल्या मोसमात नेपल्सचा हा क्लब खालच्या श्रेणीत घसरता घसरता वाचला होता. मिलान, तुरिनसारख्या उत्तरेतल्या धनाढ्य शहरांचे प्रेक्षक नेपल्ससह गरीब दक्षिणेची जाहीर टिंगल करत, तिथल्या लोकांना घाणेरडे म्हणत. मुख्य भूमीवरच्या दक्षिणेतील एकाही संघाने तोवर इटालियन लीग जिंकलेली नव्हती. १० मे १९८७ रोजी फिओरेंतिनाशी १-१ बरोबरी झाली आणि नापोली विजेता ठरला. ‘तुम्ही काय गमावलेत, तुम्हाला ठाऊक नाही’ अशा अर्थाची ओळ तेव्हा दफनभूमीच्या भिंतीवर झळकल्याचे सांगतात. पुढे १९८९चा यूएफा कप आणि १९९०ची लीगही आली.

शेवट मात्र वाईट झाला. १९९१मध्ये कोकेन सेवनात दोषी ठरून त्याच्यावर १५ महिन्यांची बंदी आली आणि त्याने नेपल्स सोडले. शहराचे त्याच्यावरचे प्रेम तसूभरही कमी झाले नाही, आणि ते योग्यच होते. क्लबने २०००मध्ये त्याची १० क्रमांकाची जर्सी निवृत्त केली.