विद्यामंदिरातील समतेचे दायित्व

शिक्षणसंस्थांतील समता हा विषय निघाला की सुशिक्षित मंडळींत दोन प्रकारचे उद्गार ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, शाळा-महाविद्यालयांची दारे सर्वांस मोकळी होऊन पाऊणशे वर्षे लोटली. आता भेदभावाची गोष्ट काढणे म्हणजे भरत आलेली जखम पुन्हा उकरणे होय. दुसरा पक्ष म्हणतो, नियम कितीही केले तरी मनुष्याचे मन पालटत नाही. सबब नियमांचा खटाटोप व्यर्थ आहे. हे पक्ष परस्परविरोधी दिसतात खरे, परंतु दोहोंचा निष्कर्ष एकच निघतो. तो हा की, आज कोणी काही करावयास नको. आम्हांस हा निष्कर्ष मान्य नाही. मुंबई इलाख्याचा व पुढे महाराष्ट्राचा पावणेदोनशे वर्षांचा शैक्षणिक इतिहास पाहिला तर असे दिसते की, विद्येचे दार येथे एकदा नव्हे, अनेकदा उघडले गेले. आत आलेल्या मुलास बरोबरीची बैठक मिळाली की नाही, हे मात्र निराळ्याच गोष्टीवर अवलंबून राहिले. समतेने वागण्याचे दायित्व कोणाच्या शिरावर ठेवले होते, ही ती गोष्ट होय.

पुण्यास 1848 मध्ये जोतीराव फुले यांनी मुलींची शाळा काढली व लवकरच महार-मांगांच्या मुलांसाठीही शाळा चालविल्या. त्या शाळांत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी लिहिलेला निबंध 1855 मध्ये ‘ज्ञानोदय’ पत्रात छापला गेला. ज्या वर्गास विद्येचा अधिकारच नाही असे समाज मानीत होता, त्या वर्गातील एक मुलगी चार अक्षरे शिकताच समाजालाच प्रश्न विचारू लागली, ही घटना त्या काळाच्या मानाने विलक्षण होती. परंतु हा खाजगी उद्योग होता. सरकार काय करते हे पुढील वर्षीच कळून आले.

1856 च्या जून महिन्यात धारवाड येथील सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेश मागितला. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होते. शाळेने त्यास घेतले नाही, तेव्हा त्याने थेट मुंबई सरकारकडे अर्ज केला. जुलैमध्ये सरकारने जो निर्णय दिला तो मोठा बोधप्रद आहे. तात्त्विक न्याय मुलाच्या बाजूस आहे, हे सरकारने नाकारले नाही. परंतु एका मुलासाठी इतर सर्वांच्या भावना दुखविल्या तर शाळाच ओस पडेल, असे म्हणून त्यास परत पाठविले. न्याय मुलाकडे आणि शाळा इतरांकडे, अशी ही वाटणी झाली! समाजाचा पूर्वग्रह जोवर जात नाही तोवर तो सोसण्याचे काम सरकारने त्या मुलावरच टाकले.

हे प्रकरण कलकत्त्यास व तेथून लंडनपर्यंत गेले. 1858 च्या एप्रिलमध्ये कंपनीच्या संचालकांनी कळविले की, सरकारी शिक्षणसंस्था सर्व वर्गांस खुल्या राहाव्यात हाच हेतू आहे. सर्वस्वी सरकारी खर्चाने चालणाऱ्या शाळांत जातिभेद मानला जाणार नाही, हे मुंबई सरकारनेही मग ठरविले. 1882 मध्ये हंटर आयोग बसला. जोतीरावांनी त्यापुढे निवेदन दिले. आयोगाने 1858 च्या तत्त्वाचा पुनरुच्चार केला खरा, परंतु ते जपून अंमलात आणावे व जरूर तेथे निराळ्या शाळा काढाव्यात, असा सल्लाही जोडला. तत्त्व कागदावर राहिले. ते पाळणे हे अमक्या मनुष्याचे कर्तव्य आहे, असे कोणी म्हटले नाही.

याचा परिणाम काय झाला तो साताऱ्यास पाहावा. 7 नोव्हेंबर 1900 रोजी तेथील सरकारी शाळेत भीमराव नावाच्या मुलाचे नाव दाखल झाले. हाच दिवस आता महाराष्ट्रात ‘विद्यार्थी दिवस’ म्हणून पाळला जातो. संचालकांच्या आज्ञेस तेव्हा बेचाळीस वर्षे झाली होती आणि शाळेचे दार त्या आज्ञेप्रमाणे उघडेच होते. परंतु आत बसण्यासाठी या मुलास घरून गोणपाट आणावे लागे व ते परत घरी न्यावे लागे. तहान लागली तर नळास हात लावण्याची मुभा नव्हती. शिपायाने नळ सोडावा तेव्हा पाणी मिळावयाचे, आणि शिपाई नसला तर पाणीही नसावयाचे. बाबासाहेब आंबेडकरांनी पुढे स्वतःच ही हकीकत लिहून ठेवली आहे. वाचकांनी येथे क्षणभर थांबून विचार करावा. नियम कोणी मोडला होता? प्रवेश तर दिलेला होता. मुलास पाणी मिळाले नाही तर जाब कोणास द्यावयाचा, हे मात्र कोठेच लिहिलेले नव्हते.

विद्या वाढली म्हणजे हा भेद आपोआप गळून पडतो, असा भरवसा पुष्कळांस वाटतो. त्यांनी पुढला प्रसंग पाहावा. बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर एल्फिन्स्टन महाविद्यालयातून 1912 मध्ये बी. ए. होऊन, न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात व लंडनमध्ये अर्थशास्त्र शिकून आलेले आंबेडकर 1918 मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. तेथे प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या पाण्याच्या भांड्यास त्यांनी शिवण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली, असे चरित्रकार सांगतात. साताऱ्याच्या शाळेतील शिपाई अशिक्षित असेल. हे सहकारी पदवीधर होते. पाणी मात्र दोन्हीकडे सारखेच अडले.

त्याच सुमारास कोल्हापुरास निराळा प्रयोग चालला होता. शाहू महाराजांनी 1901 पासून निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहे काढण्यास चालना दिली, आणि 26 जुलै 1902 रोजी राज्यातील नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या. परंतु आमच्या विषयाच्या दृष्टीने 1919 मधील त्यांचे हुकूम अधिक महत्त्वाचे आहेत. शाळा, दवाखाने व कचेऱ्या यांतून अस्पृश्यांस समतेने वागविले पाहिजे असे त्यांत फर्माविले, आणि ज्या नोकरास हे मान्य नसेल त्याने सहा आठवड्यांच्या आत राजीनामा द्यावा, असा दंडक घातला. अस्पृश्यांच्या निराळ्या शाळाही त्याच वर्षी बंद करून मुलांस सर्वसाधारण शाळांत घेण्याचे ठरले. धारवाडच्या निर्णयाशेजारी हे हुकूम ठेवून वाचावेत. धारवाडास मुलाने समाजाची सोय पाहावी असे होते. कोल्हापुरास पगार घेणाऱ्या नोकराने न्यायाप्रमाणे वागावे अथवा जागा सोडावी, असे झाले. साठ-त्रेसष्ट वर्षांत समाजाचे मन काही फारसे पालटले नव्हते. पालटली ती दायित्वाची जागा.

हुकूम आणि माणूस यांच्यामधले अंतर कसे तोडावे, हे भाऊराव पाटलांनी दाखविले. 1919 मध्ये सातारा जिल्ह्यातील काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापिली व 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह उघडले. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्यास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. कोल्हापूरची वसतिगृहे बहुतेक जातवार होती. त्या काळी मुलगा शहरात टिकून शिकावा म्हणून तीच सोय शक्य होती. भाऊरावांनी पुढचे पाऊल टाकले. त्यांच्याकडे मराठा, महार, मुसलमान, जैन अशी सर्व मुले एकत्र राहत, हाताने स्वयंपाक करीत व एकाच पंक्तीस जेवीत. या पंक्तीसाठी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी अंगावरचे दागिने विकले, इतकेच नव्हे तर मंगळसूत्रही दिले. ज्याने वर्गमित्राच्या हातची भाकरी खाल्ली, त्यास समतेवर व्याख्यान देण्याचे काम उरत नाही.

8 जुलै 1945 रोजी डॉ. आंबेडकरांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापिली आणि 20 जून 1946 रोजी मुंबईस सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. ज्यांस वर्गाबाहेर बसविले होते त्यांच्या नेत्याने काढलेले हे महाविद्यालय सर्व जातींच्या विद्यार्थ्यांस व अध्यापकांस खुले होते, ही गोष्ट विसरता कामा नये. पुढे 1950 मध्ये राज्यघटना अंमलात आली. तिच्या सतराव्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली. एकोणतिसाव्या कलमाने सरकारी वा सरकारी साहाय्याच्या संस्थेत केवळ धर्म, वंश, जात किंवा भाषा या कारणावरून प्रवेश नाकारण्यास बंदी केली. धारवाडच्या मुलास चौऱ्याण्णव वर्षांनी न्याय मिळाला असे म्हणता येईल. दाराचा प्रश्न सुटला. बैठकीचा सुटला काय?

जानेवारी 2016 मध्ये हैदराबाद येथील एका संशोधक विद्यार्थ्याने, आणि मे 2019 मध्ये मुंबईतील एका वैद्यकीय महाविद्यालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या एका आदिवासी तरुण स्त्री-डॉक्टरने आपले जीवन संपविले. दोन्ही प्रकरणी छळाचे आरोप झाले. दोघांच्या माता 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचे म्हणणे साधे होते: विद्यापीठ अनुदान आयोगाने 2012 मध्येच समतेविषयी विनियम केले आहेत, प्रत्येक संस्थेत समान संधी कक्ष असावा व भेदभावविरोधी अधिकारी नेमावा असे त्यांत आहे, परंतु ते अंमलात येत नाहीत. म्हणजे पुन्हा साताऱ्याचाच नळ! आज्ञा आहे, शिपाई जागेवर नाही.

या याचिकेच्या ओघात आयोगाने 13 जानेवारी 2026 रोजी नवे विनियम काढले. त्यांत संस्थाप्रमुखावर प्रत्यक्ष जबाबदारी टाकली होती, तक्रार येताच चोवीस तासांच्या आत समितीने बसावे असे सांगितले होते, आणि नियम न पाळणाऱ्या संस्थेस आयोगाच्या योजनांतून वगळण्याची तरतूद होती. त्यावर देशभर वाद माजला. जातीय भेदभावाची व्याख्या काही वर्गांपुरतीच का, खोट्या तक्रारीचे काय, असे आक्षेप आले. 29 जानेवारी 2026 रोजी सर्वोच्च न्यायालयाने भाषेतील संदिग्धता व दुरुपयोगाची शक्यता दाखवून या विनियमांस स्थगिती दिली व तूर्त 2012 चेच विनियम चालू ठेवण्यास सांगितले. या वादातील शब्दांचा निर्णय न्यायालयाने करावा. अन्याय कोणावरही झाला तरी त्यास दाद मागता आली पाहिजे, हे आम्हांस मान्य आहे. आणि खोट्या तक्रारीवर प्रामाणिक चौकशी हाच उपाय आहे, चौकशीच नसणे हा नव्हे. परंतु व्याख्येच्या वादात मूळ तत्त्व हरवू नये. संस्थाप्रमुखास जबाबदार धरणे ही काही 2026 ची नवलाई नव्हे. कोल्हापुरात ते 1919 मध्येच झाले होते.

हे सर्व नवी मुंबईच्या वाचकांस दूरचे वाटण्याचे कारण नाही. 1970 मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील 95 गावांच्या जमिनीवर हे शहर वसले. त्या आगरी-कोळी गावांनी योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा दिला व जानेवारी 1984 मध्ये गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. आज त्याच भूमीवर एकामागून एक महाविद्यालये उभी आहेत. एकाच बाकावर गावठाणातील मुलगा, मराठवाड्यातून आलेली शेतमजुराची मुलगी, परप्रांतीय कारागिराचा मुलगा आणि बड्या अधिकाऱ्याची कन्या अशी मंडळी बसतात. येथे पाण्याचा माठ कोणी अडवीत नाही. प्रवेश-परीक्षेतील क्रमांक विचारून जात ताडली जाते. बोलीवरून हसे होते. प्रयोगशाळेतील जोड्या विद्यार्थ्यांवर सोडल्या की तीच ती मुले शेवटी उरतात. वसतिगृहात खोलीचा सोबती बदलून मागितला जातो. यांतील एकही गोष्ट प्रवेशाच्या नियमाने थांबत नाही.

मात्र यांतील प्रत्येक गोष्ट थांबविणे कोणाच्या तरी हातात असते. जोड्या अध्यापकाने लावाव्यात. खोल्या वसतिगृहप्रमुखाने वाटाव्यात व पसंतीने बदलू नयेत. पहिल्याच दिवशी क्रमांक विचारण्याची प्रथा प्राचार्यांनी बंद करावी. तक्रार कोणाकडे करावयाची त्या अधिकाऱ्याचे नाव, खोली व वेळ दर्शनी फलकावर मराठीत लिहिलेली असावी. तक्रारीचा निकाल किती दिवसांत लागला, याचा हिशेब वर्षाअखेर संस्थेने जाहीर करावा. यास मोठा निधी लागत नाही. आपले काम आपले आहे असे मानणारी माणसे लागतात.

वाशीच्या एका महाविद्यालयास कर्मवीर भाऊराव पाटील यांचे नाव आहे. पनवेलच्या एका महाविद्यालयास महात्मा फुले यांचे. दोन्ही रयत शिक्षण संस्थेचीच. या नावांखालून रोज हजारो मुले ये-जा करतात, आणि त्यांतील पुष्कळ आपल्या घराण्यातील पहिलीच पदवी घ्यावयास आलेली असतात. त्यांच्या आईबापांनी मुलास दारापर्यंत आणून पोहोचविले. त्यांचे काम झाले. दाराच्या आतले काम आम्हा अध्यापकांचे व संस्थाचालकांचे आहे, आणि ते न झाल्यास जाबही आम्हांसच विचारला गेला पाहिजे.