डेटोना कूपे : सहा मोटारींचें चरित्र

यंत्रांच्या इतिहासांत एखादी वस्तु आधीं गरजेपोटीं जन्मास येते, मग टाकाऊ ठरते, आणि शेवटीं अमोल होऊन बसते, असें कांहीं वेळां घडतें. अमेरिकेंतील ‘शेल्बी कोब्रा डेटोना कूपे’ ही शर्यतीची मोटार या प्रकारचें ठळक उदाहरण होय. इ. स. १९६४ व १९६५ या दोन वर्षांत मिळून अशा अवघ्या सहा मोटारी तयार झाल्या. त्या सहाही आजतागायत टिकून आहेत. आणि त्यांतील एखादी विक्रीस निघाली तर संग्राहकांची चढाओढ लक्षावधि डॉलरांवर जाते. परंतु ज्या कारखान्यानें त्या घडविल्या, त्यानेंच एके काळीं त्या अडगळ म्हणून काढून टाकल्या होत्या. एकाच वस्तूची किंमत इतकी पडावी आणि पुन्हां इतकी चढावी, यांतील मर्म त्या मोटारींच्या चरित्रावरूनच उलगडतें.

या मोटारींचा कर्ता कॅरोल शेल्बी याचा जन्म टेक्सस संस्थानांतील लीझबर्ग या लहानशा गांवीं ११ जानेवारी १९२३ रोजीं झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत तो विमानदलांत होता. पुढें त्यानें कोंबड्या पाळण्याचा धंदा केला, पण साथीच्या रोगानें तो बुडाला. आणि मग तो मोटारींच्या शर्यतींकडे वळला. १९५९ सालीं फ्रान्समधील ल माँ येथील चोवीस तासांची शर्यत त्यानें रॉय साल्वाडोरी या जोडीदारासह ॲस्टन मार्टिन मोटारीनें जिंकली. परंतु हृदयविकारानें त्यास गांठलें होतें, व १९६० सालानंतर त्याला चालकाचें आसन सोडावें लागलें. ज्याला स्वतः धांवतां येत नाहीं त्यानें धांवणारें यंत्र घडवावें, असा निश्चय त्यानें केला.

त्याच्याजवळ भांडवल नव्हतें. जुळवणीची दृष्टि मात्र होती. इंग्लंडांतील थेम्स डिटन येथील एसी या जुन्या कंपनीची एक हलकी, उघडी मोटार होती. तिला इंजिनाची उणीव भासत होती. इकडे फोर्ड कंपनीचें आठ सिलिंडरांचें नवें, सुटसुटीत इंजिन तयार झालें होतें. शेल्बीनें या दोहोंची सांगड घातली, आणि १९६२ सालीं ‘कोब्रा’ मोटार जन्मास आली. वळणावळणाच्या, आंखूड मार्गांवर ती कोणासही हार जाईना. परंतु लांब सरळ रस्ता आला कीं तिचें बळ सरे. ल माँ येथें मुलसान नांवाचा सुमारें सहा किलोमीटरांचा सरळ टप्पा होता. तेथें उघड्या कोब्राचा वेग ताशीं १६० मैलांच्या आसपास अडे, आणि इटलींतील फेरारी कंपनीची बंद छपराची ‘जीटीओ’ मोटार तिला सहज मागें टाकी. इंजिन दुबळें होतें म्हणून हें घडत नव्हतें. उघड्या मोटारीस वाऱ्याशींच झुंज द्यावी लागे, आणि वेग वाढेल तसतसा वाऱ्याचा विरोध त्याहून कितीतरी अधिक पटीनें वाढे.

यावर उपाय म्हणजे मोटारीस छप्पर असलेलें नवें कवच चढविणें. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणें ‘ग्रँड टूरिंग’ वर्गांत उतरणाऱ्या मोटारीच्या किमान शंभर प्रति तयार व्हाव्या लागत. सांगाडा मान्यता पावलेला असेल तर त्यावर निराळें कवच चढविण्यास मात्र तोच नियम मुभा देत असे. फेरारीनें या मुभेचा लाभ आधींच उठविला होता. शेल्बीच्या कारखान्यांतील पीट ब्रॉक या तरुणानें तोच मार्ग धरला. त्याचें वय त्या वेळीं सत्तावीस वर्षांचें होतें. पूर्वीं जनरल मोटर्स कंपनींत आरेखक असतांना त्यानें जर्मन शास्त्रज्ञांचे युद्धपूर्व काळांतील लेख अभ्यासिले होते. वाऱ्यास कमींत कमी अडविण्यासाठीं शेपटीकडील भाग लांबच लांब निमुळता करावा लागत नाहीं. तो योग्य जागीं सरळ छाटून टाकला तरी काम भागतें, असा त्या लेखांचा निष्कर्ष होता. स्टुटगार्ट येथील वुनिबाल्ड काम यांचें नांव या सिद्धान्ताशीं जोडलें गेलें आहे.

ब्रॉकनें काढलेला आकार कारखान्यांतील अनुभवी मंडळींस कुरूप वाटला. मागील बाजूस कापल्यासारखी दिसणारी मोटार वेगानें धांवेल, यावर त्यांचा विश्वास बसेना. परंतु शेल्बीनें होकार दिला, आणि केन माइल्स हा कसलेला इंग्रज चालक ब्रॉकच्या पाठीशीं उभा राहिला. कॅलिफोर्नियांतील व्हेनिस येथील कारखान्यांत लांकडी सांचा उभारला गेला. अल्युमिनियमचे पातळ पत्रे त्यावर बेतले गेले. खालील सांगाडा उघड्या कोब्राचाच : दोन जाड पोलादी नळ्या, आडवीं बसविलेलीं पात्यांचीं स्प्रिंगें, आणि २८९ घनइंचांचें, म्हणजे सुमारें पावणेपांच लिटरांचें फोर्ड इंजिन. मोटारीचें वजन हजार किलोंच्या थोडेंसें पुढें गेलें, आणि इंजिनाची शक्ति पावणेचारशें अश्वशक्तीच्या वर होती. १९६४ सालच्या फेब्रुवारींत रिव्हरसाइडच्या मार्गावर माइल्सनें ती पळविली, तेव्हां उघड्या कोब्रापेक्षां एकेका फेरीमागें साडेतीन सेकंद वांचले, आणि वेग ताशीं १८० मैलांपलीकडे गेला. कुरूपतेची चर्चा तेथेंच संपली.

त्याच महिन्यांत फ्लॉरिडांतील डेटोना येथें तिची पहिली शर्यत झाली, आणि त्या गांवावरूनच तिचें नांव रूढ झालें. डेव्ह मॅकडॉनल्ड व बॉब होल्बर्ट हे चालक आघाडीवर असतां पेट्रोल भरण्याच्या ठिकाणीं मोटारीस आग लागली व शर्यत सोडावी लागली. मार्चमध्यें सेब्रिंग येथील बारा तासांच्या शर्यतींत मात्र याच दोघांनीं ग्रँड टूरिंग वर्गाचा विजय मिळविला. पुढें अडीच महिन्यांनीं, ३० मे १९६४ रोजीं, इंडियानापोलिस येथील शर्यतींत दुसरी मोटार चालवितांना मॅकडॉनल्ड मृत्यु पावला. त्या काळीं हा खेळ किती महाग पडे, याची त्यावरून कल्पना यावी.

उरलेल्या पांच मोटारींचीं कवचें इटलींतील मोडेना येथें घडविलीं गेलीं. फेरारीचा मारानेलो येथील कारखाना तेथून जवळच आहे. म्हणजे ज्या कारागिरांच्या परंपरेनें फेरारी घडविली, तिच्याच हातोड्यांनीं तिचा प्रतिस्पर्धी घडविला. जूनमध्यें ल माँ येथें दोन डेटोना कूपे उतरल्या. एकीस बाहेरील बॅटरीच्या साह्यानें सुरू केल्याच्या कारणावरून बाद करण्यांत आलें. दुसरी डॅन गर्नी व बॉब बॉन्ड्युरंट यांनीं चोवीस तास चालवून सर्व मोटारींत चौथ्या व ग्रँड टूरिंग वर्गांत पहिल्या स्थानीं आणली. तिच्या पुढें असलेल्या तिन्ही फेरारी निराळ्या वर्गांतील होत्या. तिच्या वर्गांतील जीटीओ मागें पडली होती.

तरीही त्या वर्षींचें विजेतेपद फेरारीकडेच राहिलें. मोंझा येथील शर्यत, नव्या फेरारी मोटारीस मान्यता देण्याच्या वादांतून, रद्द झाली. आणि गुण मिळविण्याची ती संधि हुकल्यामुळें शेल्बीचा थोडक्यांत पराभव झाला. दुसऱ्या वर्षीं ॲलन मान यांच्या इंग्रज पथकाकडे मोटारींची निगा सोंपविण्यांत आली. एकामागून एक शर्यतींत वर्गविजय मिळत गेले, आणि ४ जुलै १९६५ रोजीं फ्रान्समधील रीम्स येथें विजेतेपद निश्चित झालें. अमेरिकन कारखान्यास हा आंतरराष्ट्रीय मान प्रथमच लाभत होता, आणि तोही अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनीं.

ज्या दिवशीं काम फत्ते झालें, त्याच दिवशीं या मोटारींची गरजही संपली. फोर्डचें सर्व लक्ष आतां ‘जीटी ४०’ या नव्या मोटारीकडे लागलें होतें. सहांपैकीं पहिली मोटार, जिचा सांगाडा-क्रमांक सीएसएक्स २२८७ असा आहे, ती नोव्हेंबर १९६५ मध्यें बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर नेण्यांत आली. एका टायर कंपनीस तें मैदान प्रतिस्पर्ध्याच्या हातीं जाऊं द्यावयाचें नव्हतें. मैदान अडवून ठेवण्यासाठीं तेथें कांहींतरी धांवतें ठेवणें तिला भाग होतें. त्या निमित्तानें क्रेग ब्रीडलव्ह प्रभृति चालकांनीं या जुन्या मोटारीनें वीसांहून अधिक विक्रम नोंदविले. त्यानंतर मात्र ‘गरज सरो, वैद्य मरो’ हीच म्हण खरी ठरली. सहाही मोटारी अवघ्या कांहीं हजार डॉलरांस मिळूं लागल्या, आणि तरीही गिऱ्हाइकें रांग लावून उभीं नव्हतीं.

क्रमांक २२८७ पुढें फिल स्पेक्टर या प्रसिद्ध संगीत-निर्मात्याकडे गेली. शहरांतील रस्त्यावर ती तापे, गर्जना करी, आणि वेगमर्यादा मोडल्याबद्दल दंडही पदरांत टाकी. त्यानें ती आपल्या अंगरक्षकास सुमारें हजार डॉलरांस देऊन टाकली, असें सांगतात. त्या अंगरक्षकाच्या कुटुंबाकडे ती सुमारें तीस वर्षें कुलुपांत पडून राहिली; पाहण्यास येणाऱ्या संग्राहकांस उत्तरसुद्धां मिळत नसे. २००१ सालीं ती पुन्हां उजेडांत आली, तेव्हां मालकीविषयीं कोर्टकज्जे उद्भवले. कारण तोंपर्यंत हजारांची वस्तु लक्षावधींची झाली होती. तिच्याच भगिनींपैकीं सीएसएक्स २६०१ ही, रीम्सला विजय मिळविणारी मोटार, ऑगस्ट २००९ मध्यें माँटेरे येथील लिलांवांत विक्रीस आली, आणि तिला ७२,५०,००० डॉलरांची बोली मिळाली.

येथें एक प्रश्न उपस्थित होतो. संग्राहक इतकें द्रव्य मोजतो तें नेमकें कशासाठीं? नुसता आकार हवा असेल तर या मोटारीच्या हुबेहूब नकला पुष्कळ तयार झाल्या आहेत. त्यांचे पत्रे अधिक गुळगुळीत व यंत्रें अधिक भरंवशाचीं आहेत. म्हणजे किंमत आकाराची नव्हे, वेगाचीही नव्हे. ती प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांची आहे. परंतु प्रसंगांच्या खुणा पुष्कळदां किंमत वाढतांच पुसल्या जातात. महागडी मोटार हातीं येतांच मालक तिचा जुना रंग खरवडतो, वांकलेले पत्रे बदलतो, आणि ती कारखान्यांतून निघाली तेव्हांही नव्हती इतकी झळझळीत करून मांडतो. एखादा प्राचीन ताम्रपट सांपडावा, आणि तो चिंचेनें घांसघांसून लखलखीत करतां करतां त्यावरील अक्षरेंच नाहींशीं व्हावीं, तशांतलाच हा प्रकार होय. तांबें उरतें, दानपत्र जातें.

क्रमांक २२८७ या गतींतून वांचली, याचें श्रेय तीस वर्षांच्या कुलुपास जितकें, तितकेंच फिलाडेल्फियाचे मेंदूचे शस्त्रवैद्य डॉ. फ्रेड सिमिओने यांस आहे. त्यांनीं ती विकत घेतली, चालूं स्थितींत आणली, परंतु नवी केली नाहीं. झिजलेला रंग व शर्यतींतील ओरखडे हाच तिचा मूळ लेख आहे, तो संपादकानें फिरवून लिहूं नये, अशी त्यांची भूमिका होती. त्यांनीं स्थापिलेल्या संग्रहालयांत ती सर्वांस पाहण्यासाठीं ठेवलेली आहे. जानेवारी २०१४ मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहन नोंदवहींत पहिली मोटार म्हणून तिची नोंद झाली. तिचीं मापें, आरेखनें व छायाचित्रें काँग्रेसच्या ग्रंथालयाच्या दप्तरीं जमा करण्याची व्यवस्था झाली. शेल्बी २०१२ सालीं व सिमिओने २०२२ सालीं निवर्तले. मोटार मात्र आपल्या ओरखड्यांसह उभी आहे.

लिलांवांतील बोली आपणांस एवढेंच सांगते कीं, एखादी वस्तु मिळविण्यास धनिक किती आतुर आहेत. ती वस्तु काय होती, कोणीं घडविली, कोणत्या अडचणींतून मार्ग काढला, हें त्या आंकड्यांत मावत नाहीं. उधारीचा सांगाडा, जुळवून आणलेलें इंजिन आणि इतरांनीं हंसण्यावारी नेलेलें एका तरुणाचें रेखाटन, एवढ्या सामग्रीवर सहा मोटारींनीं एका बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास नमविलें. ज्याच्या हातीं असा ठेवा येतो, त्यानें तो विकत घेतला असला तरी तो वस्तुतः विश्वस्तच असतो. आणि विश्वस्ताची परीक्षा त्यानें किती मोजले यावर होत नाहीं, पुढील पिढीच्या हातीं त्यानें काय जसेंच्या तसें सोंपविलें, यावर होते.