नाणे-पारख, त्रयस्थ

नाणे विकणारा आणि घेणारा या दोघांखेरीज तिसऱ्याच माणसाने त्याचा खरेखोटेपणा व अवस्था ठरवून द्यायची, याला त्रयस्थ नाणे-पारख म्हणतात. संग्राहकांच्या रोजच्या बोलण्यात हे 'ग्रेडिंग'. पारखलेले नाणे प्लास्टिकच्या सीलबंद डबीत बसवतात, त्या डबीला 'स्लॅब' म्हणतात. रायगड जिल्ह्यात पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांत देवघरात किंवा पेटीत जे नाणे हमखास सापडते ते तांब्याची शिवराई. त्यामुळे या नोंदीत तिचाच विचार मुख्यतः केला आहे.

पारखीचा प्रश्न या भागाला नवा नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी पेशवे दप्तराच्या आधारे मराठेशाहीतील चलन व टांकसाळींवर निबंध लिहिला. त्यात 1744 मधील दोन परवान्यांचा उल्लेख आहे. तांब्याचे पैसे पाडण्याचे हे परवाने नागोठणे आणि रेवदंडा इथल्या खाजगी इसमांना दिलेले होते. नागोठणे हे अंबा नदीकाठचे गाव आज रोहा तालुक्यात आहे. म्हणजे टांकसाळ सरकारची नव्हती, परवाना मात्र सरकारचा होता. अशा व्यवस्थेत एकाच नावाचा पैसा ठिकठिकाणी निरनिराळ्या हातांनी पडत असे आणि त्याच्या वजनाची व धातूची खातरजमा कुणीतरी करावी लागे.

ते काम पोतदार व सराफ करीत. पोतदार सरकारी खजिन्यात येणारी नाणी तपासून घेई. बाजारात सराफ नाणे वाजवून पाही, तोली, गरज वाटल्यास कसाला लावी आणि हिणकस किंवा परमुलखातल्या नाण्यावर बट्टा कापी. रुपयावर आपली बारीक खूण ठोकायचीही त्याची रीत होती. अशा खुणा असलेले जुने रुपये आजही पुष्कळ मिळतात. ही खूण म्हणजे त्या काळचा स्लॅबच. मात्र सराफ पूर्ण त्रयस्थ नसे, कारण बट्टा त्याच्याच पदरात पडे. त्याच्यावर विश्वास बसे तो वेगळ्या कारणाने: तो त्याच पेठेत रोज बसे आणि खोटे नाणे गळ्यात मारले तर गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दुकानापुढे उभे राही. 1835 च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात एकसारखा रुपया आला आणि सराफाच्या या पारखीची गरज हळूहळू संपत गेली.

आजची पद्धत अमेरिकेत घडली. विल्यम शेल्डन यांनी 1949 मध्ये तिथल्या जुन्या तांब्याच्या सेंटसाठी 1 ते 70 गुणांची मोजपट्टी मांडली. पुढे तीच सर्व नाण्यांना लावली गेली. पीसीजीएस ही नाणी पारखणारी संस्था 1986 मध्ये आणि एनजीसी 1987 मध्ये सुरू झाली. गुण ठरवणारी नजर माणसाचीच असते, हे विसरता कामा नये. पारख पूर्णपणे वस्तुनिष्ठ व एकसारखी असते, या जाहिरातीतील दाव्यावर अमेरिकेच्या व्यापार आयोगाने 1990 मध्ये पीसीजीएसवर कारवाई केली होती. तेच नाणे दुसऱ्यांदा पाठवले तर एखादा गुण इकडेतिकडे होतो, हे संग्राहक अनुभवाने जाणतात.

शिवराईच्या बाबतीत ही मोजपट्टी आणखी तोकडी पडते. शिवराईचा ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा असे. त्यामुळे एका बाजूचे 'श्री राजा शिव' किंवा दुसऱ्या बाजूचे 'छत्रपति' पूर्ण उमटलेले क्वचितच दिसते. अक्षर झिजून गेले की मुळात उमटलेच नव्हते, हे ओळखायला शेकडो शिवराया हाताखालून गेलेल्या असाव्या लागतात. शिवाय शिवराज्याभिषेकाच्या (1674) नंतर दीड शतकाहून अधिक काळ शिवराई अनेक टांकसाळींत पडत राहिली. 'शिव' हे नाव दिसले म्हणून नाणे महाराजांच्या हयातीतले ठरत नाही. माहेश्वरी आणि विगिन्स यांच्या 1989 च्या ग्रंथाने मराठ्यांच्या टांकसाळी व नाणी यांची मांडणी केली. नाशिकजवळच्या अंजनेरी येथील नाणकशास्त्र संशोधन संस्थेचे काम या विषयातला मोठा आधार आहे. म्हणून पारखणाऱ्या संस्थेला पहिला प्रश्न विचारावा तो हा: मराठी नाणी तुमच्याकडे कोण पाहते आणि कोणत्या ग्रंथाच्या आधाराने?

दुसरा प्रश्न पैशाचा. जो पारखतो तोच विकतही असेल, तर त्याचा दाखला कितीही देखण्या डबीत असला तरी त्रयस्थाचा नव्हे. तिसरा प्रश्न चुकीच्या भरपाईचा. दाखला खोटा ठरल्यास भरपाई कोण, किती व कशी देणार, हे लेखी असावे. मोठ्या संस्थाही तांब्याच्या रंगबदलाबाबत आपल्या हमीला मर्यादा घालतात. कोकणच्या दमट, खाऱ्या हवेत ही मर्यादा किरकोळ नाही. शेवटी डबीच बनावट असू शकते. तिच्यावरचा क्रमांक संस्थेच्या यादीत शोधावा आणि तिथल्या छायाचित्रातले नाणे हातातल्या नाण्याशी ओरखड्याला ओरखडा जुळवावा. क्रमांक बरोबर आणि नाणे भलतेच, अशा डब्याही बनवल्या जातात.

बनावट शिवराई व सोन्याचा होन ओळखण्यात गणेशमूर्ती घडवणाऱ्या पेणकरांची नजर तयारच असते. साच्यातून काढलेल्या गणेशमूर्तीवर दोन भागांच्या सांध्याची बारीक रेघ राहते आणि मूर्तिकार ती घासून काढतो. ओतीव नाण्याच्या कडेला तशीच रेघ किंवा ती घासल्याची खूण भिंगाखाली सापडते. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे खड्डे दिसतात आणि अक्षरांच्या कडा मेणासारख्या मऊ वाटतात. खरी शिवराई ठोकून पाडलेली असते, म्हणून तिची अक्षरे कोरीव उठतात. महाराजांचा मुखवटा असलेला होन तर तपासायलाही पाठवू नये. अस्सल होनावर चेहरा नव्हता.

सर्वांत जास्त नुकसान मात्र घरातच होते. लक्ष्मीपूजनाच्या आधी देवाच्या तांब्याच्या उपकरण्यांबरोबर शिवराईही चिंचेने किंवा आमसुलाने घासून लख्ख करतात. शतकाची काळपट-तपकिरी कांती पाच मिनिटांत जाते आणि मागे गुलाबी, ओरखडलेले तांबे उरते. असे नाणे अस्सल ठरले तरी 'साफ केलेले' असा शेरा बसतो आणि गुण मिळत नाहीत. तो शेरा जी संस्था लपवत नाही तिच्यावर विश्वास टाकायला हरकत नाही.

कायदाही ध्यानात ठेवावा लागतो. 1972 च्या पुरावशेष व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खाजगी व्यक्तीला ते परदेशी पाठवता येत नाही. त्यामुळे शिवराई टपालाने अमेरिकेला धाडून स्लॅब करून आणण्याचा सल्ला कुणी दिला तर तो ऐकू नये. रिझर्व्ह बँकेच्या नावाने जुन्या नाण्यांना लाखोंचा भाव सांगून आधी 'शुल्क' उकळणारेही आहेत. आपण असा व्यवहार करत नाही आणि कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही, असे बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये जाहीर केले. शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना नाण्यांचे मडके लागले, तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे दहा रुपयांहून अधिक किमतीच्या ठेव्याची लेखी वर्दी जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. पेण-रोह्यासाठी हे कार्यालय अलिबागेत आहे.