हात धरल्याचे पैसे

मी डूला आहे. हे वाक्य मुलुंडमध्ये उच्चारलं की समोरचा माणूस आधी माझ्या कानांकडे बघतो. 'डूल' कानात घालतात एवढं त्याला ठाऊक असतं. अख्खी बाईच डूला कशी, हे कुठल्याच शाळेत शिकवलेलं नसतं. मग मी खुलासा करते, की बाळंतपणाच्या आधी, बाळंतपणात आणि नंतरचे काही दिवस मी त्या मुलीच्या सोबतीला असते.

"म्हणजे डॉक्टर?" नाही. "नर्स?" नाही. "सुईण?" तेही नाही. मी सुई टोचत नाही, औषध देत नाही, बाळाला बाहेर काढत नाही.

"मग करता तरी काय?"

कंबर चोळते, पाणी पाजते, श्वास घ्यायची आठवण करते आणि मुख्य म्हणजे हात धरते. घाटकोपरच्या एका सासूबाईंनी यावर बराच विचार केला आणि म्हणाल्या, "अहो, पण हात धरल्याचे पैसे?"

प्रश्न रास्त होता. उत्तरासाठी मी इतिहासात शिरले.

शब्द ग्रीक आहे आणि त्याचा मूळ अर्थ दासी. (हे ऐकून आमचे हे "अरे वा!" म्हणाले. पुढचं मी त्यांना सांगितलं नाही.) डॅना राफेल या अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी १९७३ साली स्तनपानावरच्या आपल्या पुस्तकात तो नव्या आईच्या सोबतिणीला बहाल केला. पुढे ग्वाटेमालातल्या एका इस्पितळात क्लाउस, केनेल वगैरे डॉक्टरांनी एक साधा प्रयोग केला. काही पहिलटकरणींजवळ एकेक अनोळखी बाई बसवली. तिला कसलंही वैद्यकीय शिक्षण नव्हतं. तिनं बोलायचं, पाठ चोळायची, हात धरायचा. बाकीच्या जणी रिवाजाप्रमाणे एकट्या. १९८० साली निकाल छापून आला: सोबत असलेल्यांची सुटका दाखल झाल्यापासून सरासरी ८.८ तासांत, एकट्या असलेल्यांची १९.३ तासांत. बायका मोजक्याच होत्या हे खरं, पण साडेदहा तासांचा फरक! हे वाचून मी घाटकोपरला फोन केला नाही, एवढा संयम माझ्याकडे आहे.

आपल्या आज्यांना ग्वाटेमाला माहीत नव्हतं, पण सोबत माहीत होती. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली तेव्हा घाटकोपर, मुलुंड ही साष्टीतली खेडी होती. तिथे मूल व्हायचं ते घरातल्या अंधाऱ्या खोलीत. एक सुईण, एक आई, एक आत्या, एक उगाच आलेली शेजारीण. मग बाज, शेगडी, धुरी, बाळंतशेपा, डिंकाचे लाडू. 'सुईण आहे तोवर बाळंत होऊन घ्यावं' ही म्हण काही हवेतून आली नाही.

मात्र या सुईणीचे गोडवे गाणाऱ्यांचा मला थोडा राग येतो. एकतर तिला आपण वागवलं कसं? घराण्याचा दिवा जिच्या ओंजळीत यायचा, ती पुष्कळदा अशा जातीची असायची की तिला पाणी द्यायचं ते वरून ओतून. बक्षिसी म्हणून लुगडं, तांदूळ, नारळ, आणि तेही मुलगा झाला तर हात सैल. दुसरं म्हणजे मूल आडवं आलं किंवा रक्त थांबेना, की तिच्यापाशी देवाचं नाव सोडून फारसं काही उरत नसे. नाळ कापायला हाताला लागेल ते पातं, आणि मागून धनुर्वात.

मुलुंडच्या पुढे ठाणं, ठाण्याच्या पुढे कल्याण. तिथली, १८६५ साली जन्मलेली एक मुलगी चौदाव्या वर्षी आई झाली. तिचं बाळ दहा दिवस जगलं. ही आनंदीबाई जोशी. पुढे ती समुद्र ओलांडून फिलाडेल्फियाला गेली आणि १८८६ साली डॉक्टर झाली. आपल्या प्रबंधासाठी तिनं विषय घेतला तो हिंदूंच्या प्रसूतिशास्त्राचा. जगातले सगळे रोग समोर असताना तिनं तो का घेतला, हे मला कुणी सांगायला नको. पुढच्याच वर्षी पुण्यात ती गेली. बावीसही पुरी नव्हती.

त्याच १८८६ साली मुंबईत कामा इस्पितळ उघडलं. पैसा पेस्तनजी होरमसजी कामा यांचा, आणि रुग्ण बायका तशा डॉक्टरही बायकाच. एडिथ पीची ही त्यांतली मुख्य. उपनगरांना महापालिकेत यायला मात्र वेळ लागला: अंधेरी, घाटकोपर १९५० साली, बोरिवली, मुलुंड १९५७ साली. मग बाळंतपण घरातून दवाखान्यात गेलं. आया वाचल्या, मुलं वाचली. याबद्दल दवाखान्याच्या विरुद्ध मी एक शब्द बोलणार नाही. फक्त झालं असं, की अंधाऱ्या खोलीबरोबर आई, आत्या आणि उगाच आलेली शेजारीणही दाराबाहेर राहिली. आत दिवा लख्ख आणि मुलगी एकटी.

खाजगी दवाखान्यांत आता पुष्कळ ठिकाणी नवऱ्याला आत घेतात. बोरिवलीच्या एका नवऱ्यानं कळांची नोंद मोबाइलवर ठेवली होती. बायको कळवळली की हा म्हणायचा, "थांब, अजून दोन मिनिटं आहेत!" त्याला मी आइस आणायला पाठवलं आणि बराच वेळ परत येऊ दिलं नाही.

सरकारी इस्पितळांत सोबतिणीला मुभा द्यायचं केंद्र सरकारनं २०१६ साली ठरवलं. साधारण अट अशी की ती बाई असावी आणि शक्यतो स्वतः बाळंतपणातून गेलेली असावी. म्हणजे माझे पैसे ज्यांना परवडत नाहीत, त्यांना आपल्या माणसाचा हात फुकट मिळावा. जागा लागते ती खाटेशेजारी एका स्टुलाची, आणि गर्दीच्या वॉर्डात तेवढीच मिळत नाही. मिळाली तरी आत एकीलाच सोडतात. उपनगरातल्या एका प्रसूतिगृहाच्या व्हरांड्यात मी पाहिलंय, मुलीची आई आणि सासू, आत कोण जाणार म्हणून अर्धा तास एकमेकींना "तुम्ही जा हो, तुम्हीच जा" करत होत्या आणि दोघीही दार सोडत नव्हत्या. शेवटी नर्सनं मुलीलाच विचारलं. ती म्हणाली, "आमच्या शेजारच्या काकूंना बोलवा."

काकू रिक्षानं वीस मिनिटांत आल्या. हाताला कणीक तशीच होती.