मौनचिंतन, पाचगणी येथील

ख्रिस्ती दैनिक प्रार्थनेतून निघालेली साधना. अमेरिकन लूथरन धर्मोपदेशक फ्रँक बुकमन (१८७८–१९६१) यांनी रोज पहाटे बायबलवाचन व प्रार्थनेबरोबर निःशब्द बसून मनात उमटणारे विचार वहीत टिपण्याची शिस्त अनुयायांस लावली. प्रामाणिकपणा, शुचिता, निःस्वार्थता व प्रेम हे त्या विचारांचे निकष होत. १९३८ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या मॉरल रीआर्मामेंट चळवळीचे (२००१ पासून इनिशिएटिव्ह्ज ऑफ चेंज) भारतीय केंद्र ‘एशिया प्लेटो’ राजमोहन गांधी प्रभृतींच्या पुढाकाराने १९६८ मध्ये पाचगणी (जि. सातारा) येथे उघडले. तेथे हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती एकत्र बसू लागले. मौन टिकले, बायबल हा एकमेव आधार राहिला नाही. ख्रिस्ती साधकास जी देवाची वाणी, तीस दुसरा अंतर्नाद म्हणतो. हा शब्द महात्मा गांधींमुळे भारतीयांस परिचित होताच. ही प्रार्थना की केवळ आत्मपरीक्षण, अशी शंका चर्चमधील उपासकास येणे साहजिक आहे. तथापि चिंतनाअंती दुखावलेल्याची क्षमा मागावी, अन्यायाने घेतलेले परत करावे, हा ख्रिस्ती पश्चात्तापाचा मूळ आग्रह येथे सुटलेला नाही.