खान्देशच्या उन्हाळ्यात चालणारा छोटा संगणक

घरासाठी संगणक जुळवून घ्यायचा म्हटले की प्रोसेसरचा वेग आणि किंमत या दोनच गोष्टींची चौकशी होते. जळगाव-धुळ्याकडे तिसरी गोष्ट तितकीच महत्त्वाची ठरते, ती म्हणजे संगणकाला लागणारी वीज. मे महिन्यात जळगाव-भुसावळचे तापमान ४५ अंशांच्या आसपास पोहोचते. भुसावळजवळ दीपनगरचे औष्णिक वीज केंद्र असूनही २००५ नंतरची काही वर्षे खान्देशाने प्रदीर्घ भारनियमन सोसले. ते दिवस सरले, तरी उन्हाळ्यात वीज गेली की संगणकाला इन्व्हर्टरचाच आधार असतो.

छोट्या संगणकाची कल्पना जुनीच. तैवानच्या व्हिया कंपनीने २००१ मध्ये मिनी-आयटीएक्स हा १७ सेंटिमीटर चौरस मदरबोर्ड आणला. त्या काळचे कमी विजेचे प्रोसेसर मात्र फारच मंद होते. आता ती अडचण उरलेली नाही. इंटेलच्या २०२३ मध्ये आलेल्या चार कोअरच्या एन१०० प्रोसेसरचे औष्णिक मान ६ वॅट आहे. तो मदरबोर्डवरच बसवलेला मिळतो. त्याला ८ किंवा १६ जीबी रॅम आणि एसएसडी जोडली की पत्रव्यवहार, हिशेब, मुलांचा अभ्यास व चित्रपट यांसाठी पुरेसा संगणक तयार होतो. व्हिडिओ संपादन किंवा मोठे गेम्स ज्यांना हवेत, त्यांनी या वाटेला जाऊ नये.

विजेचा हिशेब साधा आहे. जुना टॉवर संगणक आणि पिक्चर ट्यूबचा मॉनिटर मिळून १५० वॅट धरले, तर रोज सहा तासांच्या वापराने महिन्याला २७ युनिट होतात. छोटा संगणक व एलईडी मॉनिटर मिळून ३५ वॅट धरल्यास हाच आकडा सहाच्या थोडा पुढे जातो. महावितरणचे घरगुती दर वापराच्या टप्प्यांनुसार चढत असल्याने शंभर युनिटच्या काठावरील कुटुंबाला हा फरक अधिक जाणवतो. खरा लाभ मात्र बॅटरीवर दिसतो. १५० अँपिअर-तासांच्या १२ व्होल्ट बॅटरीतून वापरण्याजोगी ऊर्जा सुमारे ९०० वॅट-तास मानली, तर जुना संच सहा तास चालेल आणि नवा संच २५ तासांपर्यंत. त्याच बॅटरीवर पंखेही चालवायचे असतात, हे ध्यानात घेतले म्हणजे या बचतीचे मोल कळते.

येथे एक चूक सर्रास होते. बोर्ड छोटा घेतला जातो, पण त्याला साडेचारशे वॅटचा एसएमपीएस जोडला जातो. क्षमतेच्या वीसाव्या हिश्शावर चालणारा एसएमपीएस बरीच वीज उष्णतेत घालवतो. त्याऐवजी बाहेरचा ६० ते ९० वॅटचा अ‍ॅडॅप्टर व त्यावर चालणारा बोर्ड निवडावा.

कॅबिनेट मात्र फार लहान घेऊ नये. आतले तापमान खोलीपेक्षा नेहमी जास्तच राहते. पुण्यात ६५ अंशांवर राहणारा प्रोसेसर येथील तापलेल्या खोलीत सहज ७५ ओलांडतो. पंखा नसलेले कॅबिनेट धुळीपासून वाचवते, पण ते बंद कपाटात ठेवल्यास फायदा उरत नाही. मोठा, संथ फिरणारा १२ सेंटिमीटरचा पंखा आणि धुता येणारी जाळी हा या भागासाठी अधिक भरवशाचा पर्याय होय. वाऱ्यासोबत धूळ येण्याच्या दिवसांत ती जाळी दर पंधरवड्याला स्वच्छ करावी. कूलरचा झोत थेट संगणकावर येऊ देऊ नये, कारण त्यातील ओलावा व तुषार सुट्या भागांना गंज आणतात.

अर्थिंगकडेही लक्ष हवे. उन्हाळ्यात काळी जमीन कोरडी पडून भेगाळते आणि अर्थिंगचा उपयोग कमी होतो. कॅबिनेटला हात लावताच झिणझिण्या येत असतील, तर वायरमनकडून तपासणी करून घ्यावी आणि खड्ड्यात पाणी घालत राहावे.